गाडीतून प्रवाळे नेताना

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून टेक्सासमधल्या डॅलसपर्यंत गाडीने जायचे म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. नोकरी बदलली की असा मुक्काम हलवणारी मराठी कुटुंबे अमेरिकेत बरीच आहेत. मुलांची शाळा संपल्यावर निघायचे असल्यामुळे हा प्रवास बहुधा जूनच्या शेवटी, ऐन उन्हाळ्यात होतो. फर्निचर, भांडी, पुस्तके सामान हलवणारी कंपनी नेते, पण जिवंत प्राणी या कंपन्या सहसा घेत नाहीत. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर तिच्यातली प्रवाळे आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून निघतात.

चार-पाच वर्षे जपून वाढवलेली प्रवाळे प्रवासाच्या दोन दिवसांत गेली, असे ऐकले की वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा ते टाळता आले असते. अंतर आणि अंधार यांची लोकांना भीती वाटते, पण प्रवाळे दोन्ही सोसतात. त्यांचा जीव जातो तो उष्णतेने, सडलेल्या पाण्याने आणि दर तासाला झाकण उघडून बघण्याने. तयारी करायची ती या तीन गोष्टींसाठी.

आधी कायदा

हा लेख अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासाबद्दल आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. पहिली अनुसूची म्हणजे वाघाला मिळते ते संरक्षण. त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून गाडीत टाकणे हा गुन्हा आहे, मग तो तुकडा मेलेला का असेना. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअली इथली प्रवाळे २०२० मध्ये हलवावी लागली, तेव्हा वनखात्याची परवानगी घेऊन राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते काम केले. अमेरिकेतली हौशी टाकी भारतात नेण्याचा विचारही करू नये.

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना दुकानातून विकत घेतलेल्या किंवा मित्राच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळांना साधारणपणे अडचण येत नाही. तरी पावत्या जवळ ठेवा. कॅनडाची हद्द ओलांडणार असाल तर गोष्ट वेगळी. सगळी कठीण प्रवाळे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने परवान्याशिवाय ती सीमेपलीकडे नेता येत नाहीत. कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. टाकीखालच्या गाळण कप्प्यात कौलर्पा नावाचे हिरवे समुद्रशैवाल कुणी कुणी वाढवतात. यातली एक जात २००० साली कार्ल्सबादच्या खाडीत पसरली आणि ती निपटून काढायला २००६ साल उजाडले. त्यामुळे त्या राज्यात कौलर्पावर बंदी आहे. दगडाला चिकटलेला एवढासा धागाही सोबत जाता कामा नये.

पिशवीत प्रवाळाला काय लागते

प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. दिवसा ते प्रकाशावर अन्न बनवते आणि प्राणवायू सोडते. अंधारात हे काम थांबते आणि प्रवाळ व शैवाल दोघेही फक्त प्राणवायू वापरतात. प्रवाळाच्या दृष्टीने बंद पेटीतला प्रवास ही एक लांबलेली रात्र असते. एक-दोन दिवसांच्या अंधाराने निरोगी प्रवाळाचे काही बिघडत नाही, पण प्राणवायू पुरायला हवा.

इथे एक हिशेब उपयोगी पडतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. एक लिटर हवेत तो २७० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे सुमारे चाळीस पट. म्हणूनच पिशवी पाण्याने गच्च भरू नये. एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा, हे प्रमाण मासे विकणारे पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत आणि ते बरोबर आहे. गाडीच्या हलण्याने पाणी हिंदकळते आणि वरच्या हवेतला प्राणवायू आपोआप त्यात उतरत राहतो.

तापलेल्या पाण्यात दोन गोष्टी एकदम होतात. प्राणवायू कमी मावतो आणि प्रवाळाची प्राणवायूची गरज वाढते. त्यामुळे पाणी २५ वरून ३० अंशांवर जाणे हे २५ वरून २१ वर येण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे. थोडी थंडी काही तास चालते, उष्णता चालत नाही.

किती न्यायचे

माझे स्पष्ट मत असे, की सगळी टाकी हलवण्याचा हट्ट धरू नये. हौशी लोक ज्याला फ्रॅग म्हणतात, तसा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा प्रत्येक जातीचा घ्यावा आणि मोठ्या कॉलनी जवळच्या ओळखीच्या टाकीत ठेवाव्यात किंवा विकाव्यात. लहान तुकड्याला पाणी कमी लागते आणि तो घाणही कमी करतो. मोठ्या कॉलनीच्या बुंध्याशी असलेले किडे, स्पंज, शेवाळ प्रवासात मरतात आणि सगळे पाणी नासवतात. तुकडा वर्ष-दीड वर्षात पुन्हा कॉलनी होतो. शिवाय जुन्या गावात काही राहिले, तर पुढे गरज पडल्यावर तिथून परत मागता येते.

एखादी कॉलनी जिवापाड प्रिय असेल तर ती जरूर न्या, पण वजनाचा अंदाज घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी झाकणाची पाच गॅलनची बादली खाऱ्या पाण्याने भरली की एकोणीस-वीस किलोंची होते. अशा पाच बादल्या म्हणजे गाडीत जवळजवळ शंभर किलो वाढले, आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतरही वाढले.

त्याहून मोठा प्रश्न असतो पोचल्यावर ठेवायचे कुठे, हा. नवीन घरात पोचून त्याच रात्री टाकी लावणे, पाणी मिसळणे, तापवणे हे दमलेल्या माणसाचे काम नव्हे. पोचायच्या गावातल्या एखाद्या हौशी माणसाशी किंवा मत्स्यालयाच्या दुकानाशी आधीच बोलून ठेवा आणि प्रवाळे दोन-तीन आठवडे त्यांच्या चालू टाकीत राहू द्या. तुमची टाकी स्थिर होईपर्यंत थांबायला जागा असेल तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

निघण्याआधीचे दोन आठवडे

तुकडे करायचे ते प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी. ताज्या कापलेल्या जागेतून चिकट स्राव सुटतो आणि जखमेवर जिवाणू वाढतात, त्यामुळे जखम भरून कडेवर मांस चढलेले हवे. तुकडा छोट्या चकतीवर पक्का चिकटला की नाही, हे बोटाने हलकेच हलवून पाहा. सैल तुकडा पिशवीत गडगडत राहील आणि स्वतःला सोलून घेईल. आजारी, पांढरी पडत चाललेली किंवा मांस सोडणारी प्रवाळे प्रवासाला घेऊ नका. एक सडका तुकडा शेजारच्यांना घेऊन जातो.

शेवटचे दोन दिवस खायला घालू नका. पोटातले अर्धवट पचलेले अन्न पिशवीत ओकले गेले की तेच कुजते.

निघण्याच्या आदल्या दिवशी आरओ पाण्यात मीठ मिसळून जादा खारे पाणी तयार करा. क्षारता लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. पंप लावून ते रात्रभर फिरत राहू द्या. यातले वीस-पंचवीस लिटर झाकणबंद डब्यात गाडीत हवेच. पिशवी फुटली, पाणी गढूळ झाले, तर वाटेत कुठल्याही पेट्रोलपंपावर समुद्राचे पाणी मिळत नाही.

कोणते कसे बांधायचे

पॅकिंगचे पाणी टाकीतले, पण तळ ढवळण्याआधी काढलेले घ्या. प्रवाळाला हात लावण्याआधी पंप बंद करा, दिवे मंद करा आणि त्याला मिटू द्या. हे टॉर्च, हॅमर अशा मोठ्या, मांसल पॉलिपच्या प्रवाळांसाठी अत्यंत महत्त्वाचे आहे. फुललेल्या अवस्थेत पाण्याबाहेर काढले तर पाण्याने भरलेले जड मांस खालच्या धारदार सांगाड्यावर लोंबते आणि फाटते. बबल कोरलचेही तेच. दोन-चार वेळा हाताने हलका प्रवाह दिला की ती आकसतात. पूर्ण मिटल्यावर पाण्याखालीच पिशवीत किंवा डब्यात सरकवा.

अशा मांसल प्रवाळांसाठी पिशवीपेक्षा रुंद तोंडाचा, फिरकीच्या झाकणाचा खाद्यपदार्थांचा डबा मला अधिक सुरक्षित वाटतो. दोन दिवसांच्या प्रवासाला एका तुकड्यामागे अर्धा ते एक लिटर पाणी धरा आणि वर हवेची जागा ठेवा. दुकानातल्या चिमुकल्या कपात तुकडा घरी आणता येतो, पण तो कप तासा-दोन तासांसाठीच असतो.

अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा या फांदीच्या किंवा पानाच्या आकाराच्या कठीण प्रवाळांची टोके नाजूक असतात. तुकड्याची चकती थर्माकोलच्या छोट्या ठोकळ्याला रबराने बांधावी आणि ठोकळा पाण्यावर तरंगत सोडावा. तुकडा उलटा लोंबत राहतो आणि कुठेच घासत नाही. ही युक्ती प्रवाळे पाठवणारे व्यापारी नेहमी वापरतात. वाटेत पिशवी गळली तरी घाबरू नका. ओहोटीच्या वेळी खडकाळ उथळ भागातली प्रवाळे तासभर आणि कधी त्याहून जास्त वेळ उघडी पडतात आणि स्वतःच्या चिकट स्रावाखाली तग धरतात. ओलसर आणि थंड राहिलेला तुकडा नव्या पाण्यात गेला की बहुतेक वेळा सावरतो.

लेदर आणि मशरूमसारखी मऊ प्रवाळे सोशीक खरी, पण स्राव फार सोडतात, म्हणून त्यांना पाणी जास्त द्या आणि इतरांपासून वेगळे ठेवा. झेनिया प्रवासात कधी कधी अक्षरशः विरघळते, तिचा भरवसा धरू नका. एका पिशवीत एकच जात हा नियम कुणासाठीही मोडू नये. टॉर्च आणि गॅलेक्सिया शेजाऱ्याला डंख करतात, आणि बंद पिशवीत शेजाऱ्याला पळायला जागा नसते. मासे तर प्रवाळांबरोबर एका पिशवीत ठेवूच नयेत.

पिशव्या जाड पॉलिथिनच्या घ्या, एकात एक अशा दोन, आणि मधे वर्तमानपत्राचा थर ठेवा. बाहेरच्या पिशवीवर जात आणि वेळ पक्क्या शाईने लिहा. डोंगराळ भागातून, उदाहरणार्थ डेन्व्हरकडे जाणार असाल, तर उंचीवर हवेचा दाब कमी झाल्याने पिशव्या फुगतात. बांधताना थोडी ढिलाई ठेवा.

जिवंत दगड, म्हणजे बारीक जीव वसलेले टाकीतले खडक, पाण्यात ठेवून नेता आले तर उत्तम. नाहीतर खाऱ्या पाण्याने भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. स्पंज चिकटलेले दगड मात्र पाण्याबाहेर काढू नका. स्पंजात हवा शिरली की तो मरतो आणि दगडाबरोबर पाणीही खराब करतो. तळाची जुनी वाळू नेण्यात अर्थ नाही, ती ढवळली की साठलेली घाण मोकळी होते.

झोअँथिडांबद्दल वेगळे सांगायलाच हवे

रंगीत बटणांसारखी दिसणारी झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ ही प्रवाळे जवळजवळ प्रत्येक टाकीत असतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असते. हवाई विद्यापीठातल्या मूर आणि शॉयर यांनी १९७१ मध्ये माउई बेटावरच्या हाना गावाजवळच्या पॅलिथोआतून ते वेगळे काढले. निसर्गात सापडणाऱ्या अत्यंत तीव्र विषांपैकी ते एक आहे. सामान हलवताना लोक टाकी साफ करायला घेतात आणि दगडावरची ही प्रवाळे घासून काढतात किंवा दगड उकळत्या पाण्यात टाकतात. त्या वाफेने आख्खे कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, वाळलेल्या दगडाला ब्रश लावू नका. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला सांगा. या पिशव्या झाकणाच्या वेगळ्या डब्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. गाडीत पाणी सांडले तर हातमोजे घालूनच पुसा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याच्या डब्याला हात लावू नका.

पेटी आणि तापमान

जाड भिंतीचा कूलर बॉक्स घ्या. त्यात पिशव्या उभ्या, एकमेकींना टेकून ठेवा आणि मधल्या फटी वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरा. पेटीत तापमापकाची तार सोडून आकडा दाखवणारी डबी बाहेर ठेवा. झाकण न उघडता आकडा दिसला पाहिजे. २४ ते २६ अंश उत्तम, २२ ते २८ पर्यंत चालेल.

पेटी डिकीत ठेवू नका. डिकीत एसी नीट पोचत नाही. मागच्या सीटच्या पायथ्याशी ठेवा, किंवा सीटवर ठेवून पट्टा लावा. उन्हाळ्यात गाडीचा एसी माणसांसाठी जो लावाल तोच प्रवाळांना मानवतो, वेगळे काही करावे लागत नाही. आणीबाणीसाठी दोन गोठवलेल्या जेलच्या पिशव्या बरोबर असू द्या. आकडा २८ च्या वर चढू लागला तर एक जेल पिशवी वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून वर ठेवा. ती प्रवाळांच्या पिशवीला थेट टेकू देऊ नका. हिवाळ्यात उष्णता देणाऱ्या पुड्या वापरतात. त्यांच्यातली लोखंडाची भुकटी हवेशी संयोग पावून तापते, म्हणून पेटीत हवा खेळायला थोडी फट लागते, आणि या पुड्याही झाकणाला, पिशव्यांपासून दूर चिकटवायच्या.

बादल्यांतल्या मोठ्या कॉलनीसाठी बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप लावा. झाकणाला भोक पाडून नळी आत सोडा. एक पंप आणि काही सेल जादा ठेवा, ते महाग नसतात.

रस्त्यावर

एडिसनहून हॅरिसबर्ग, तिथून आय-८१ ने व्हर्जिनियाच्या शेनान्डोआ दरीतून टेनेसी, पुढे आय-४० ने नॅशव्हिल, मेम्फिस, लिटल रॉक आणि शेवटी आय-३० ने डॅलस, हा नेहमीचा मार्ग. नॉक्सव्हिलच्या आसपास रात्र काढली तर प्रवासाचे जवळजवळ सारखे दोन भाग पडतात. दोन्ही दिवशी पहाटे निघा. नॅशव्हिलकडे जाताना घड्याळ एक तास मागे जाते, तेवढा फायदा होतो. आर्कान्सामधली दुपार मात्र टळत नाही, आणि सगळ्यात जास्त जपायचे ते तिथे.

बाहेर ३२ अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचे आतले तापमान अर्ध्या तासात ४५ च्या पुढे जाते. जेवायला सगळे एकदम उतरू नका. एक मोठे माणूस एसी चालू ठेवून गाडीत थांबू दे आणि बाकीचे परत आले की त्याने जावे. विजेवरच्या अनेक गाड्यांत उभ्या गाडीतही एसी चालू ठेवण्याची सोय असते, ती वापरा. रात्री पेटी हॉटेलच्या खोलीत न्या आणि खोलीचा एसी २४-२५ वर ठेवा.

झाकण उघडायचे ते फक्त आकडा बिघडला किंवा गळतीचा वास आला तरच. काळजीने बघावेसे वाटते, हे मला समजते. पण प्रत्येक उघडझाप तापमान हलवते, आणि मिटलेले प्रवाळ बघून कळतही काही नाही. रात्रीच्या मुक्कामी एकदाच पाहा. एखाद्या पिशवीत पाणी दुधट दिसले किंवा कुजका वास आला, तर त्या एकाच पिशवीचे पाणी तयार ठेवलेल्या पाण्याने बदला. बाकीच्या तशाच राहू द्या.

पिशवी उघडताना

घरात गोड्या पाण्याचे मासे वाढवलेल्यांना इथे जुनी सवय बदलावी लागते. टाकीचे पाणी थेंब थेंब पिशवीत सोडून तास-दीड तासाने प्राणी टाकीत सोडायचा, ही पद्धत दुकानातून दहा मिनिटांत घरी आणलेल्या प्राण्याला ठीक आहे. दोन दिवसांच्या प्रवासानंतर तीच घातक ठरू शकते.

बंद पिशवीत श्वसनातून कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू उतरतो. उत्सर्जनातून अमोनियाही साठत असतो, पण सामू कमी असताना त्यातला बहुतेक भाग कमी विषारी रूपात राहतो. सामू एकाने उतरला की विषारी अमोनियाचा वाटा साधारण दहा पटींनी घटतो. पिशवी उघडताक्षणी कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ लागतो, सामू वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. सर्वांत मोठा धोका माशांना. प्रवाळातले शैवाल थोडा अमोनिया वापरूनही घेते, तरी त्यांना त्या पाण्यात तासभर ठेवण्याचे काहीच कारण नाही.

म्हणून पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. नव्या टाकीची क्षारता जुन्या टाकीइतकीच आधीच जुळवून ठेवा. मग पिशवी उघडून प्रवाळ चटकन बाहेर घ्या, बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे कोरल डिपच्या द्रावणात बुडवा, स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळा आणि टाकीत ठेवा. चपटे किडे आणि मॉन्टिपोरा खाणाऱ्या गोगलगायी दुसऱ्याच्या टाकीत पाहुणे म्हणून नेऊ नयेत, म्हणून डिप चुकवू नका. अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, तेव्हा चकतीच्या खालची बाजू डोळ्यांनी तपासा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.

पहिले काही आठवडे

सुरुवातीला दिवे नेहमीच्या निम्म्याहून कमी ठेवा आणि दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा. दोन दिवस अंधारात राहिलेल्या शैवालावर एकदम तीव्र प्रकाश पडला की ते बाहेर फेकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पहिल्या दोन-तीन दिवसांत पॉलिप उघडले नाहीत तरी जागा बदलत बसू नका. लेदर आठवडाभर मिटून, मेणचट साल सोडत राहते, ते नेहमीचेच. मांस सुटून सांगाडा दिसू लागला तर मात्र तो तुकडा लगेच वेगळ्या भांड्यात हलवा.

खायला घालायचे ते पॉलिप नीट उघडायला लागल्यावर. अमोनिया पहिला आठवडाभर रोज मोजा, कारण प्रवासात दगडावरचे काही ना काही मेलेले असतेच आणि ते आता कुजत असते. आकडा शून्याच्या वर गेला तर पाण्याचा पाचवा हिस्सा बदला. अ‍ॅक्रोपोराच्या टोकांना फिकट रंगाची नवी वाढ दिसायला महिना लागू शकतो. वाढ सुरू झाली की टाकीतले कॅल्शियम आणि अल्कलिनिटी झपाट्याने खर्च होऊ लागतात, तेव्हा आठवड्यातून दोनदा दोन्ही मोजा आणि त्या मापानेच भर घाला.